कैफियतीचा रकाना

ते कुणाच्याही दारात गेले की आधी पाणी मागायचे, आणि आलेलं पाणी कधी प्यायचे नाहीत. पेला हातात घ्यायचा, आत डोकावायचं, बाईच्या तोंडाकडे बघायचं आणि "घे माय, ठेव" म्हणून परत द्यायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, जातपात पाळत असतील. दुसऱ्यांदा वाटलं, करणीबिरणीला भीत असतील. तिसऱ्या वेळी मी विचारलंच.

"पेला काठोकाठ भरून आनला म्हंजे घरात पानी बक्कळ," ते म्हणाले. "अर्धा आनला म्हंजे बाई मोजून वापरून राह्यली. आन् आपल्यासमोर पेला खळखळून धुतला, वरून 'नल्ल्याले पानीच नाही भाऊ' म्हने, त ते घर पक्कं लबाड."

"आणि तुम्हाला तहान लागली तर?"

"घरून पिऊन येतो."

तेलुगू मुलखातल्या आमच्या गावच्या पाणी-खात्यात ते फिटर होते. आमच्याकडे नळाला नल्ला म्हणतात. बिल थकलं की त्या घराचा नल्ला तोडायचा, भरलं की जोडायचा, आणि आपल्या गल्ल्यांची वही ठेवायची, एवढं त्यांचं काम. सगळे त्यांना भाऊ म्हणत, तेलुगू बोलणारेसुद्धा. भाऊ भीमपूरकडच्या एका खेड्यातले. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी नुकतीच लागलेली ज्युनियर असिस्टंट, दोन वर्षांच्या प्रोबेशनवर.

पहिल्या दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं, जणू मीच थकबाकीदार आहे.

"कोनत्या गावच्या तुमी?"

"इथलीच. माझे वडील शाळेत शिक्षक होते."

"मंग असं पुस्तकावानी काऊन बोलता?"

"आमच्या घरात असंच बोलतात."

"हं," ते म्हणाले. "पुस्तकावानी बोलनारा मानूस एक त मास्तर असते, नाहीतर वकील."

दोघांवरही त्यांचा भरवसा नसावा. पुढचे दोन महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि माझ्या टेबलाजवळून जाताना आपली वही पलीकडच्या काखेत सरकवायचे. तिसऱ्या महिन्यात एकदम 'तुमी'वरून 'पोरी'वर आले. काय पाहून आले ते मला कळलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

संशयाच्या बाबतीत ते अगदी निःपक्षपाती होते. ऑफिसच्या चहात साखर जास्त पडली की कप खाली ठेवायचे. "आज इतका गोड काऊन? काय पाह्यजे यायले?" कुणी पेन मागून नेलं आणि परत दिलं, तर कागदावर एक रेघ ओढून बघायचे, आपलंच आहे ना. भिंतीवरचं घड्याळ त्यांना मान्य नव्हतं. वेळ हवी असली की दोघांना वेगवेगळं विचारायचे, आणि दोघांचं अगदी तंतोतंत जुळलं तर जास्तच बेचैन व्हायचे. मोबाइलवर नाव दिसत असलं तरी आधी "कोन?" म्हणून खडसवायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, नाव तर दिसतंय."

"नाव दिसते. मानूस तोच हाये कायवरून?"

त्यांचा विश्वास फक्त पाण्यावर होता. रस्त्यातल्या पाइपलाइनच्या वालवर तो उघडायच्या लोखंडी चाबीचं एक टोक ठेवायचे, दुसरं कानाला लावायचे, आणि डोळे मिटून सांगायचे की खालच्या गल्लीत कुठे गळतंय आणि कुठे कुणी मोटर लावून ओढतंय. तपासायला गेलं की तसंच निघायचं. "पान्याले खोटं बोलता येत नाही," म्हणायचे. एवढं एकच वाक्य ते संशय न घेता बोलायचे.

नल्ला तोडण्याची त्यांची पद्धत ऑफिसात गाजलेली होती. कापसाच्या व्यापाऱ्यांच्या गल्लीत एक तीनमजली घर होतं. मालक दारात उभा राहून हिंदीत गोड बोलत होता, "कल भर देंगे भैया, पक्का." भाऊंनी मान हलवली, खड्डा खणला, नळी कापली, तोंडाला बूच ठोकलं आणि माती सारली. मग चप्पल काढून पायाच्या अंगठ्याने त्या मातीवर तीन आडव्या रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी रेघा विस्कटलेल्या दिसल्या तेव्हा त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. मालकाने चोरून पाणी घेतलं याचा राग आलाच नाही त्यांना. आपला अंदाज खरा ठरला, यातच ते खूश होते.

गरिबांशी ते मऊ वागत, असं काही नाही. "गरीब हाये म्हनून सांगनाऱ्याचं मी पैले छप्पर पाहतो," म्हणायचे. छप्पर, वाळत घातलेले कपडे, अंगणातले ड्रम, आणि शेवटी तो पेला. यातून जो पार पडला त्याच्या नावापुढे वहीत एक शब्द पडायचा.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. चार रकाने: नाव, गल्ली, बकाया, कैफियत. कैफियत म्हणजे शेरा. भाऊंचे वडील तहसिलीत शिपाई होते आणि निजामाच्या दप्तरातली उर्दू त्यांच्या घरात तशीच राहिली होती, आमच्या घरात पितळी भांडी राहिली तशी. भाऊ मराठीत लिहायचे, पण शेरे त्याच जुन्या शब्दांत. तेलुगू ते पाण्यासारखं बोलायचे. वाचता मात्र येत नव्हतं.

मग ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं. आमचे साहेबही नवे होते, तरुण, घाईतले. त्यांनी भाऊंकडून वही तपासणीसाठी म्हणून मागून घेतली आणि मला केबिनमध्ये बोलावून तेलुगूत म्हणाले, "ही तुमची मराठी, मॅडम. तुम्हीच भरा." आठवडाभर मी केबिनमध्ये बसून भरत होते. भाऊंना बोलले नाही. आपली वही कुणी चाळली हे कळलं असतं तर महिनाभर त्यांनी मला सळो की पळो करून सोडलं असतं. वही कुणी पाहिली म्हणून त्यांनी साहेबांना विचारलं तेव्हा साहेबांनी वाद नको म्हणून खोटंच सांगून टाकलं, भरायला हैदराबादहून माणसं आली होती.

कैफियतीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी तोडला, भरला, मुदत दिली असं सरळ होतं. अकरा नावांपुढे लिहिलं होतं, 'मौकूफ'. स्क्रीनवर निवडायला दोनच गोष्टी होत्या, चालू किंवा बंद. मी अडले नाही. माझ्या काकांना एकदा बँकेतून मौकूफ केलं होतं आणि आमच्या घरात तो शब्द बरेच दिवस दबक्या आवाजात फिरत होता. मौकूफ म्हणजे बंद. अकराही नावांपुढे मी 'बंद' निवडलं आणि पुढच्या पानावर गेले.

वर्षभराने घरोघरच्या पाहणीत मी बसस्टँडमागच्या गल्लीत गेले. हातात ऑफिसचा टॅब. लक्ष्मव्वा नावाची बाई ज्वारीच्या भाकरी थापत होती. ती भाकरी बसस्टँडवर विकते. आत खाटेवर तिचा नवरा, कमरेखाली लुळा पडलेला. टॅबवर तिचं कनेक्शन 'बंद' होतं, आणि अंगणात तिचा नल्ला धो धो वाहत होता.

"नल्ला परत कधी जोडला?" मी विचारलं.

"तुटला कधी होता अम्मा?" ती तेलुगूत म्हणाली.

"मग बिल?"

"बिल येत नाही. भाऊ म्हणाले, सध्या तुला नाही." मग तिने फडक्यात चार भाकरी बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. "भाऊंना द्या. शनिवारच्या आहेत."

शनिवारच्या! म्हणजे वार ठरलेला होता. मी टॅबवर त्या गल्लीतली बाकीची बंद कनेक्शनं काढली आणि चार घरं हिंडले. चारही नल्ले चालू. एका घरातून अंबाडीची भाजी बाहेर आली, "भाऊंसाठी". सायकलच्या दांडीला लटकणारी त्यांची कापडी पिशवी मला आठवली, जाताना रिकामी आणि येताना फुगलेली. कागदावर नल्ला बंद दाखवायचा, प्रत्यक्षात चालू ठेवायचा आणि हप्ता खायचा. आणि हा माणूस आम्हाला चहातल्या साखरेचा हिशेब विचारतो!

मला वाईट वाटलं, असं लिहिणार होते. खरं सांगायचं तर मला मजा वाटली. जगाला चाळणीतून गाळणारा माणूस माझ्या चिमटीत सापडला होता. दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं, अंबाडीसकट.

साहेबांनी घाई केली. दुसऱ्या गल्ल्यांचे फिटर पाठवून सगळी बंद कनेक्शनं तपासली, चालू निघालेले अकराही नल्ले एका दिवसात तोडले आणि भाऊंना निलंबित करून चौकशी लावली. आरोप त्रोटक होता: बंद नोंदवलेल्या कनेक्शनांतून बेकायदा पाणी दिलं. भाऊंचा लेखी जबाब हवा होता. जबाब तेलुगूत लागतो.

"मी मराठीत बोलीन," भाऊ साहेबांसमोर अडून बसले. "ज्या भाषेत सही करतो त्याच भाषेत बोलीन. आन् लिव्हन ते ही पोरगी. दुसऱ्यानं काय लिव्हलं ते मले काय कळन?"

मी कागद घेऊन बाहेरच्या माझ्या टेबलावर आले. ते समोर बसले. बसण्याआधी खुर्ची हलवून बघितली. त्या दिवशीही.

"लिव्ह," ते म्हणाले. "आधीच्या साहेबानं मले तोंडी सांगतलं होतं, ज्याची खरंच ऐपत नाही त्याचा नल्ला नको तोडू. मी घरं पाह्यली, पेले पाह्यले, आन् अकरा नावं काढली. त्याइच्यापुढं मौकूफ लिव्हलं."

मी लिहीत होते.

"मौकूफ म्हंजे वसुली मौकूफ. माहा बाप तहसिलीत होता. दुष्काळात शेतसारा मौकूफ व्हायचा. म्हंजे आता मांगायचा नाही, मंग पाहू. शेत थोडीच मौकूफ होते? नल्ला चालू, वसुली मौकूफ. मंग त्या घरची बिलंच यायची थांबली. मले वाटलं, नव्या साहेबानं माही कैफियत वाचली."

माझं पेन थांबलं.

"थांबली काऊन? लिव्ह. कम्प्युटरमंदी नल्ला बंद कोनं लिव्हलं ते साहेबानं शोधावं. माह्या वहीत बंद हा शब्दच नाही."

अकराही नोंदींखाली माझा लॉगिन होता. प्रोबेशन संपायला दोन महिने होते. सर्वांत आधी मला लक्ष्मव्वा आठवायला हवी होती, नाहीतर समोर बसलेला माणूस. मला आठवला तो घरी आखलेला पेढ्यांचा बेत. बाबांनी ठरवून टाकलं होतं, पोरगी कायम झाली की गल्लीभर पेढे.

मी तेलुगूत लिहिलं: 'ही अकरा कनेक्शनं मीच बंद म्हणून नोंदवली होती. परंतु घरच्या लोकांची गरिबी पाहून दया आल्याने प्रत्यक्षात तोडली नाहीत. क्षमा असावी.'

लिहिताना मी स्वतःची समजूतही घातली. दयेचं कारण आहे, साहेब सौम्य होतील. भाऊंच्या भल्याचंच आहे. माणूस स्वतःशी किती पुस्तकी बोलू शकतो!

"वाच," भाऊ म्हणाले.

मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचलं. कागदावरचं वाचलं नाही. ते जे बोलले होते ते सगळं, जसंच्या तसं, तेलुगूत. आधीचे साहेब, पेले, शेतसारा, कम्प्युटरमध्ये कुणी लिहिलं ते शोधावं, सगळं. त्यांनी डोळे मिटले होते, वालला कान लावल्यावर मिटायचे तसे. एका जागी हात वर केला.

"ते वसुलीले तू काय म्हनली? इतकं जड नको. ते तेलुगू लोकं बी वसूलच म्हंतेत. तसंच लिव्ह."

मी पेन उचललं आणि कागदाच्या मधोमध एक शब्द खोडून तोच पुन्हा लिहिला. त्यांना दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि खाली मराठीत सही केली, एकेक अक्षर सुटं, पाटीवर काढतात तशी.

जबाब कबुलीजबाब ठरला. दुसरं काय ठरणार होतं? निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ते महिने निलंबनातच सरले. पेन्शनची फाइल हैदराबादला जाऊन अडकली. अकरा घरांसाठी मी फाइलवर एक गुळमुळीत टिपण चढवलं, पुन्हा तपासणी व्हावी म्हणून, आणि पंधरवड्याने नल्ले जोडून दिले. तोवर लक्ष्मव्वा जिनिंग मिलच्या हातपंपावरून डोक्यावर पाणी आणत होती. भाकरीला पुरेल इतकं आणलं की नवऱ्याचं अंग पुसायला उरत नसे. त्या पंधरवड्यात त्याच्या पाठीला जखमा झाल्या. मी नल्ला जोडायला फिटरबरोबर गेले तेव्हा त्या पाहिल्या. मला पाहायच्या नव्हत्या. तिने चादर उचलून दाखवल्या. माझी मलाच शिसारी आली. तरी मी टॅबवर 'चालू' निवडलं आणि निघाले. प्रोबेशन संपलं, पेढे वाटले गेले.

भाऊ त्या भाकरी फुकट घेत होते की विकत, ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. फुकट निघाल्या तर मला जरा बरं वाटेल, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच विचारत नाही.

परवा ते बसस्टँडवर भेटले. वाळले होते, पण भीमपूरची बस हीच का म्हणून दोघांना वेगवेगळं विचारत होते, तेव्हा लांबूनच ओळखले. मी वळून जाणार होते. तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"पोरी! पेन्शनचं काही आयकलं का?"

"अजून नाही भाऊ. मी विचारते."

"इचारू नको. आळ तुह्यावर येईन." त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज उतरवला. सगळं प्रकरण त्यांच्या डोक्यात अजून उकळत होतं, आणि त्यांनी एकेक बोट दुमडत संशयितांची नावं घ्यायला सुरुवात केली. साहेब, कारण त्याला आल्या आल्या नाव कमवायचं होतं. हैदराबादहून आलेली ती माणसं, कारण त्यांनी वही उलटी वाचली असणार. कापसाच्या गल्लीतला तो तीनमजली, कारण तो डूख धरून होता. दुसऱ्या गल्ल्यांचे फिटर. चहावाला, कारण त्या आठवड्यात चहा फार गोड होता. लक्ष्मव्वासुद्धा सुटली नाही; न जाणो, घाबरून काही बोलली असेल. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची सुरू झाली. मी माझ्या नावाची वाट पाहत होते. यावं असंही वाटत होतं, अगदी मनापासून. निदान माझ्या तोंडून बाहेर पडायचं ते त्यांच्या तोंडून आलं असतं आणि मी नुसतं हो म्हटलं असतं.

बोटं संपली. माझं नाव आलं नाही.

"भाऊ," मी म्हटलं, "माझ्यावर नाही आला कधी संशय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

"तुह्यावर काऊन येईन?" ते म्हणाले. "तू त मले वाचून दाखोलं."